शून्यावर येणारा काटा

एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्याने मनगटावरचे घड्याळ सोडून एका वृद्ध घड्याळजींच्या हातात ठेवले आणि म्हटले, “हे चांगलं करून दे.” एवढेच. या चार शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात एक होता आणि ते ऐकणाऱ्या, घड्याळजींच्या हाताखालच्या मुलीच्या मनात दुसराच. आणि दोघांनाही वाटले की यात न कळण्यासारखे काही नाहीच. पुढे जे घडले ते या खात्रीतूनच घडले.

घड्याळजींचे नाव वामनराव गुळवणी. कृष्णाकाठच्या त्या पेठेत त्यांना लहानथोर सगळे अप्पाच म्हणत. दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली, उत्तरेच्या खिडकीखाली दोन मेजे, भिंतीवर बंद पडलेल्या घड्याळांची रांग. बंद घड्याळे का लावता, असे कुणी विचारले तर अप्पा म्हणत, “चालणारी होती ती लोक घेऊन गेले.” त्यांचा हात मात्र असा की मुंबई-पुण्याचे शौकीन आपली लाखमोलाची घड्याळे घेऊन या बोळात येत. विशेषतः क्रोनोग्राफ. वेळ दाखवता दाखवता, एखाद्या गोष्टीला किती वेळ लागला हेही जे वेगळे मोजून देते, ते क्रोनोग्राफ. वरचे बटण दाबले की मोठा बारीक काटा धावू लागतो, पुन्हा दाबले की थांबतो, आणि खालचे बटण दाबले की टुणकन शून्यावर येऊन उभा राहतो.

दुसऱ्या मेजावर केतकी बसे. शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्या बापाची ही मुलगी; बारीक यंत्रांचे वेड तिला घरातूनच लागलेले. अप्पांनी तिला आधी नुसते बघायला शिकवले, मग पुसायला, मग उघडायला आणि सर्वांत शेवटी मिटायला. आता तिचा हात इतका बसला होता की अप्पा पुष्कळदा तिचे काम तपासतही नसत. अप्पांना मूलबाळ नव्हते. दुपारी डबा उघडला की ते आपल्या डब्यातली लसणीची चटणी न विचारता तिच्या पोळीवर ठेवीत, आणि तीही न बोलता खाई. यापलीकडे त्या दोघांनी आपल्या मायेचा उच्चार कधी केला नव्हता.

व्यापारी होते बसवराज शेटे. अप्पांचे शाळासोबती; अप्पा त्यांना ‘बसवा’ म्हणत. पेठेत त्यांचा आवाज चढा, पण या दुकानाची पायरी चढली की तो आपोआप खाली येई.

“गौरा येतीय,” त्या दिवशी ते म्हणाले. “गौरी-गणपतीला. हे तिला द्यायचंय आता. माझ्या हातावर काय करायचंय त्याचं? मी काय धावतोय का?”

गौरा त्यांची एकुलती एक लेक. एके काळी जिल्ह्यात आठशे मीटरला तिच्या पुढे कुणी नव्हते; आता ती दूरच्या एका क्रीडाशाळेत मुलींना धावायला शिकवत असे. अप्पांनी घड्याळ हातात घेतले आणि केतकी उठून त्यांच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. स्वित्झर्लंडच्या एका नामांकित कंपनीचे ते जुन्या घडणीचे क्रोनोग्राफ होते. काळी तबकडी उन्हाने आणि वर्षांनी उडून कॉफीच्या रंगाची झालेली. अंधारात चमकणारे ठिपके पिवळसर पडलेले. वरच्या बटणाची एक बाजू झिजून ते तिरके झालेले. आणि पोलादी केसच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, कडेला, अंगठा टेकेल तिथे, एक ठसठशीत पोचा.

“हे बटण बघ,” शेटे केतकीला कौतुकाने म्हणाले. “सगळ्या शर्यती ह्यावर मोजल्या मी. पोरगी शेवटच्या वळणावर आली की माझा अंगठा थरथरायचा. ती रेषा ओलांडायच्या आधीच मी दाबून टाकायचो. घरी येऊन सांगायचो, अगं, पंचांचं घड्याळ मागं आहे, खरी वेळ माझ्यापाशी!”

“आणि हा पोचा?” केतकीने विचारले.

शेट्यांचा अंगठा नकळत त्या पोच्यावर गेला. “तिच्या एका शर्यतीचा,” ते म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला. “तर अप्पा, मधेमधे थांबतंय. हे चांगलं करून दे.”

अप्पांनी घड्याळ केतकीच्या मेजावर ठेवले. “हिचं काम अलीकडं माझ्यापेक्षा बरं आहे,” ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी ते बहिणीच्या आजारपणासाठी बेळगावला गेले आणि दुकान केतकीच्या हवाली झाले.

आता केतकीचे मन कसे होते तेही सांगायला हवे. त्या कंपनीने तेच नाव कायम ठेवून या घड्याळाची घडण पिढ्यान्‌पिढ्या बदलत आणली होती आणि केतकीला तो सारा प्रवास तोंडपाठ होता. आधीची बटणे नुसती दाबायची होती, त्यांतून घाम आणि पाणी आत शिरे. म्हणून पुढे पेचाने घट्ट बसणारी बटणे आली. आधीची तबकडी उन्हात उडे. पुढची उडत नाही. आधीचे काटे अंधारात दिसेनासे होत. पुढचे रात्रभर दिसतात. प्रत्येक बदल घड्याळ अधिक टिकावे म्हणूनच तर केला होता! आणि गंमत अशी की पुढच्या घडणीची तबकडी, काटे, बटणे या जुन्या केसमध्ये बिनचूक बसत. केतकीच्या मनाने घेतले की शेटेकाकांना त्यांच्या घड्याळाचे पुढचे वयच देऊन टाकावे. लेकीला द्यायचे घड्याळ; ते कसे नव्या नवरीसारखे दिसले पाहिजे.

यात लोभ नव्हता, आळस नव्हता. होते ते निखळ प्रेम, आणि प्रेमाला सहसा विचारायचे सुचत नाही.

तिने मुंबईहून भाग मागवले. यंत्र सुटे करून धुतले, तेल दिले, थकलेली स्प्रिंग बदलली. उडालेली तबकडी काढून कुळकुळीत काळी बसवली. तिरके बटण काढून पेचाचे बसवले. आणि शेवटी रिकामी केस पॉलिशच्या चाकावर धरली. ओरखडे गेले. पोचा मात्र खोल होता. त्याच्यासाठी तिने आजूबाजूचे पोलाद घासत घासत खाली आणले, इतक्या कौशल्याने की इथे कधी काही होते हे डोळ्याला लावायच्या भिंगातूनही कळू नये. चाक थांबवून तिने केस उजेडात धरली आणि तिला स्वतःच्याच हातांचा अभिमान वाटला.

अप्पा परतण्याआधीच शेटे डोकावले. केतकीने घड्याळ मखमलीच्या तुकड्यावर ठेवून त्यांच्यापुढे सरकवले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

शेट्यांनी ते उचलले, उलटसुलट केले. त्यांचा अंगठा सवयीने केसच्या कडेवर गेला आणि तिथे फिरू लागला. मागे, पुढे, पुन्हा मागे. अंधारात कडी शोधणाऱ्या माणसासारखा तो अंगठा शोधत होता. मग तो थांबला.

“सुंदर केलंस गं पोरी,” ते हळूच म्हणाले. “फार सुंदर. पण हे माझं नव्हे.”

“काका, तुमचंच आहे! आतलं यंत्र...”

“पोचा कुठं गेला?”

केतकीने पॉलिशच्या चाकाकडे बोट केले. “घासून काढला,” ती म्हणाली.

शेट्यांनी घड्याळ जपून, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावे तसे, मखमलीवर परत ठेवले. ते रागावले असते तर केतकीला सोसले असते. ते रागावले नाहीत. चपला घालताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला, तेवढेच तिने पाहिले.

अप्पा परतले ते थेट दुकानात. वाटेतच त्यांना सगळे कळले होते. पेठेत बातमीला पाय असतात. केतकीने घड्याळ त्यांच्या मेजावर ठेवले, शेजारी काढलेल्या भागांची कागदी पुडी ठेवली आणि उभ्या उभ्या सांगून टाकले, “अप्पा, मी उद्यापासून येत नाही. पुढचं तुम्ही बघा. माझा हात लागायला नको.”

अप्पांनी घड्याळाला चावी दिली, कानाशी धरले. पुडी उघडली. जुनी तबकडी, जुने काटे, तिरके बटण, सगळे जिथल्या तिथे वेगळ्या कागदात गुंडाळलेले होते. काढलेले काही टाकायचे नाही, ही त्यांची शिकवण तिने पाळली होती. केस मात्र त्यांनी बराच वेळ भिंगाखाली धरली. पोलाद एकदा घासले की घासले. ते परत घालता येत नाही. त्यांनी भिंग काढले, आणि तोच दारात शेटे येऊन उभे राहिले.

“अप्पा, आलास? बरं झालं,” शेटे म्हणाले. “जे परत बसवता येईल ते तू बसव. तुझ्या हातानं. ह्या पोरीला बोल लावत नाही मी, पण माझ्या घड्याळाला तिनं पुन्हा हात लावायचा नाही.”

अप्पांनी मान हलवली. उठले. घड्याळ उचलले, पुडी उचलली आणि दोन्ही नेऊन केतकीच्या मेजावर ठेवले.

“हे हिच्याच हातून पुरं होईल,” ते म्हणाले.

शेट्यांना वाटले की आपल्या ऐकण्यात चूक झाली. केतकीलाही तसेच वाटले.

“अप्पा, माझं ऐकलंस ना तू?” शेटे म्हणाले.

“ऐकलं.”

“मग? ज्या हातानं बिघडलं त्याच हातात पुन्हा देतोयस?”

“हो.”

“का?”

“गौरा आली की तिला घेऊन ये. तेव्हा सांगतो. आणि तुला पटत नसेल तर घड्याळ आत्ताच्या आत्ता घेऊन जा, बसवा. मी अडवणार नाही.”

शेट्यांनी घड्याळाकडे हात नेला आणि मागे घेतला. लहानपणापासूनच्या मैत्रीत त्यांनी अप्पांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता, आणि अप्पांनीही असा कोड्यासारखा शब्द कधी टाकला नव्हता. समोरच्या टपरीवरून आलेला चहा त्यांच्यासाठी ओतून ठेवला होता. तो तसाच ठेवून ते पायरी उतरले. शेटे या दुकानातून चहा न घेता गेले, असे त्यापूर्वी झाले नव्हते. अप्पांचा चेहरा क्षणभर उतरला, पण ते आपल्या जागी जाऊन बसले आणि दुसरेच एक घड्याळ उघडून त्यात डोके घातले.

“अप्पा, मला नाही जमणार,” केतकी म्हणाली.

“उद्यापासून येऊ नकोस हवं तर,” अप्पा मान वर न करता म्हणाले. “हे पुरं करून जा.”

केतकी बसली. पेच उलगडताना पेचकस दोनदा निसटला. तिने हात मांडीवर ठेवले, खिडकीतून दिसणाऱ्या चिंचेकडे पाहिले आणि पुन्हा सुरुवात केली. घाईने बसवलेले आता सावकाश निघत होते. नवी काळी तबकडी निघाली, कॉफीच्या रंगाची तबकडी आपल्या जागी गेली. पहिल्या वेळी तिला ती मळकी वाटली होती. आता तिने पाहिले की तो रंग सगळीकडे सारखा नाही; मनगट ज्या बाजूने उन्हाला होते त्या बाजूला तो जास्त उतरला आहे. एक माणूस मैदानाच्या कडेला हात उभारून किती उन्हाळे उभा राहिला, ते त्या तबकडीवर उमटले होते. हे आपण आधी पाहिलेच कसे नाही? तिरके बटण बसवताना तिने त्याच्यावर आपला अंगठा टेकवून पाहिला. बटण तिच्या अंगठ्याला बसेना. ते एकाच अंगठ्याच्या वळणाचे झाले होते.

बटणांच्या आत तिने नव्या रबरी कड्या घातल्या. बाहेरून काही दिसणार नव्हते, पाणी मात्र आत जाणार नव्हते. नवी स्प्रिंग राहू दिली. मग मागचे झाकण लावण्याआधी तिने क्रोनोग्राफ चालवले, थांबवले आणि खालचे बटण दाबले.

काटा शून्यावर आला नाही. केसभर अलीकडे थांबला.

पुन्हा चालवले, पुन्हा थांबवले, पुन्हा बटण दाबले. केसभर अलीकडे. तिने अप्पांकडे पाहिले. ते आपल्या कामात होते.

काटा शून्यावर आणणारा जो भाग, त्याला त्या दुकानात बदाम म्हणत. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची ती एक चिमुकली पोलादी चकती असते आणि बटण दाबले की एक हातोडी येऊन तिच्यावर पडते. केतकीने भिंग लावले आणि तो बदाम चिमट्याने उजेडाकडे वळवला. त्याच्या एका उतारावर हिरवट असा एक कण चिकटला होता. मोहरीच्या टरफलाहूनही लहान. तिने तो ओळखला. तो पॉलिशच्या चाकावरच्या लेपाचा कण होता; केस घासताना तिच्याच बोटांना लागलेला, आणि तिच्याच बोटांनी आत नेलेला.

तिने तो काढला, बदाम पुसला, हातोडीचे तोंड पुसले. बटण दाबले. काटा सरळ शून्यावर येऊन उभा राहिला. तिने पुन्हा चालवले, भलत्याच ठिकाणी थांबवले, काटा शून्यावर. मग ती किती तरी वेळ तेच करत बसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी का वाहते आहे हे तिला नीटसे सांगता आले नसते. अप्पांनी तिच्याकडे पाहिले नाही. फक्त दुपारी डबा उघडल्यावर तिच्या पोळीवर चटणी येऊन पडली.

गौरींच्या आवाहनाच्या आदल्या दिवशी शेटे लेकीला घेऊन आले. गौरा उंच, उन्हाने रापलेली, भराभर चालणारी. आत येताच तिने अप्पांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “अप्पाकाका, मी आल्यापासून बाबा तोंड मिटून बसलेत. काय केलंत तुम्ही त्यांचं?”

“हा आधीही काही फार बोलत नव्हता. ओरडत होता,” अप्पा म्हणाले. शेटे हसले नाहीत.

केतकीने घड्याळ आणून गौराच्या हातावर ठेवले. गौराने ते पाहिले आणि तिचा चेहरा मैदानावरच्या पोरीसारखा उजळला. “अगंबाई! तिरकं बटण!” तिने अंगठ्याने ते दाबले, काटा धावला, थांबला, शून्यावर आला. तिने ते मनगटाला लावले, हात लांब धरून पाहिला, आणि मग तिची भुवई किंचित वर गेली. तिचे बोट केसच्या कडेवर थांबले.

“बाबा, इथला पोचा?”

शेट्यांनी तोंड उघडले, पण त्याआधीच केतकी पुढे झाली होती.

“मी घासून काढला,” ती म्हणाली. “काकांनी सांगितलं नव्हतं. मी त्यांना विचारलं नाही. बाकीचं सगळं परत बसवलंय, पण तो परत आणता येत नाही. कुणालाच येत नाही.”

गौरा केतकीकडे पाहत होती. मग ती वडिलांकडे वळली.

“बाबा, तो पोचा कशाचा ते तुम्ही ह्यांना सांगितलंत?”

“शर्यतीचा म्हणून सांगितलं.”

“कुठल्या?”

शेटे जमिनीकडे पाहू लागले. एवढा मोठा व्यापारी माणूस. पण त्याचे खांदे आता आक्रसून गेले. “विभागीय,” ते कसेबसे म्हणाले. “तू चौथी आलीस ती.”

“हात आपटलात तुम्ही कठड्यावर,” गौरा म्हणाली. तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती फक्त एक जुनी गोष्ट उजेडात आणून ठेवत होती. “मी रेषेपाशी वाकून धापा टाकत होते. आवाज ऐकला. वर बघितलं तर तुमचं तोंड दुसरीकडे. त्यानंतर वर्षभर मी धावले नाही. पाय दुखतो म्हणून सांगत होते, आठवतं?”

“तुला माहीत होतं?”

“मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं. आणि आपण दोघं इतकी वर्षं पायाबद्दल बोलत होतो.”

शेट्यांनी चष्मा काढला. “म्हणून तर अंगठा जायचा गं तिथं,” ते म्हणाले. “रोज जायचा. वाटायचं, हे घड्याळ तुला देताना बोलू. पोच्यावर बोट ठेवून सांगू, की बाळ, हे माझ्याकडून झालं. आणि इथं येऊन बघतो तर पोचाच नाही. आता कशावर बोट ठेवू?”

गौराने त्यांचा हात धरला आणि तो अंगठा, त्या गुळगुळीत कडेवर नाही, आपल्या तळहातावर ठेवला. “गेला ते बरं झालं असं मी म्हणणार नाही,” ती म्हणाली. “तुमचा होता तो. पण सांगितलंत ना आत्ता? झालं.”

शेटे लहान मुलासारखे रडले. केतकी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. अप्पा उठून बाहेर गेले आणि टपरीवाल्याला हाक मारून चहा सांगून आले, कारण अशा वेळी म्हाताऱ्या माणसाने करण्यासारखे तेवढेच असते.

चहा आला तेव्हा शेट्यांनी कप हातात घेतला आणि केतकीकडे वळून म्हणाले, “चांगलं करून दे, असं मीच म्हणालो होतो. चांगलं म्हणजे काय, ते सांगायला हवं होतं मी. तू एकटी त्याचं ओझं घेऊ नको.” मग ते अप्पांकडे पाहू लागले. “पण तुझा हिशोब बाकी आहे अप्पा. तू हिच्याच हातात का दिलंस? तुझ्याकडून सहज झालं असतं. माझाही शब्द राहिला असता.”

अप्पांनी कप खाली ठेवला.

“बसवा,” ते म्हणाले, “ह्या कंपनीनं ह्या घड्याळात काय बदललं नाही ते विचार. तबकडी बदलली, काच बदलली, बटणं बदलली, आकार वाढवला, आतलं यंत्र सबंध नवं केलं. आणि बदललं ते बरंच केलं. नाहीतर ते आजवर टिकलं नसतं. पण त्याच्या पोटात एक बदाम आहे, तो मात्र आकारानं जसाच्या तसा आहे. त्याला कुणी हात लावला नाही. कारण त्याचा आकारच असा आहे की काटा कुठंही थांबलेला असो, दहावर असो, पन्नासवर असो, हातोडी पडली की तो उतारावरून घसरत शून्यावर येतो. मधे कुठं थांबायला त्याला जागाच नाही. लोक म्हणतात घड्याळ पोलादानं टिकतं. पोलाद झिजतं. माझ्या मते, ज्याला शून्यावर परत येता येतं ते टिकतं.

“आता हिच्या हातून चूक झाली. घड्याळ मी काढून घेतलं असतं, तर तुझं काम झालं असतं. पण हिचा काटा तिथंच अडकून राहिला असता, जन्मभर. पुढं कुठलंही घड्याळ उघडताना हिला हे घड्याळ दिसलं असतं. हातोडी पडायलाच हवी होती, आणि ती हिच्याच हातावर पडायला हवी होती. तू तिला क्षमा केली असतीस, मीही केली असती. पण आपली क्षमा तिच्या कामाला आली नसती. तिला जे नीट करता येणार होतं ते तिनंच नीट करायचं, आणि जे येणार नव्हतं ते तिनंच सांगायचं. तेव्हा कुठं माणूस शून्यावर येतो.”

“पण झालेलं पुसलं जात नाही ना, अप्पा,” केतकी हळूच म्हणाली. “पोलाद तर गेलंच.”

“गेलंच,” अप्पा म्हणाले. “शून्य म्हणजे काही झालंच नाही असं नव्हे, केतके. धाव झाली, जशी व्हायची तशी झाली. पण पुढची मोजायची, तर काटा शून्यावर हवा. आणि त्याच्या वाटेत आपल्याच बोटाचा मळ नको.”

केतकीने चमकून वर पाहिले. तो हिरवट कण तिने कुणाला दाखवला नव्हता. पण अप्पा तिच्याकडे नव्हे, कपातल्या चहाकडे पाहत होते. आणि त्यांना ते कसे कळले हे तिने विचारले नाही.

शेटे बाप-लेक निघाले. पायरी उतरताना गौरा वडिलांना काहीतरी सांगत होती आणि शेट्यांचा चढा आवाज बोळाच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला. अप्पांनी डोळे मिटून तो ऐकला. मग त्यांनी दिवा पुसला, मेज आवरले. केतकी उद्या येणार की नाही, हा विषय त्यांनी काढला नाही आणि तिनेही काढला नाही.

नाती, संसार, पेढ्या, संस्था यांची बाहेरची घडण काळाप्रमाणे बदलतच राहणार. टिकतात त्या इतक्यासाठीच, की त्यांच्यात कुणाला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू देण्याची जागा शाबूत असते.

सकाळी दुकान उघडले तेव्हा एक गृहस्थ आपल्या वडिलांचे जुने क्रोनोग्राफ घेऊन पायरीवरच थांबले होते. अप्पांनी बोटानेच दुसरे मेज दाखवले. केतकीने घड्याळ हातात घेतले. भिंग तिथेच होते, पण तिने ते उचलले नाही, गृहस्थांना बसायला स्टूल दिले, आणि त्यांच्याकडे पाहून विचारले, “यातलं काय काय आहे तसंच राहू द्यायचं, ते आधी सांगा.”